परदेशात घर घेण्याआधी: व्हिसा, कर्ज आणि गावाकडचं नाव

काही महिन्यांपूर्वी एका तरुणाचा इंग्लंडहून फोन आला. त्याच्या परदेश शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना मी मदत केली होती. शिक्षण झालं, नोकरी लागली, लग्न झालं. आता नवरा-बायको मिळून तीन लाख पौंडांचं छोटं घर बघत होते. अडचण अशी होती की काही वर्षांपूर्वी त्याच्या बाबांनी नागपुरातला फ्लॅट प्रेमापोटी मुलाच्या एकट्याच्या नावावर घेतला होता. त्या एका नावामुळे इंग्लंडमधल्या घरावर त्याला वीस हजार पौंड मुद्रांक शुल्क भरावं लागणार होतं. तो फ्लॅट कधीच त्याच्या नावावर नसता, तर हे शुल्क शून्य झालं असतं. पौंड ११५ रुपये धरला तर फरक तेवीस लाखांचा.

बाबांची चूक नव्हती, मुलाचीही नव्हती. आपल्याकडे हे सांगणारं कोणी नव्हतं, एवढंच. ज्यांच्या घरात दोन-तीन पिढ्या परदेशात गेल्या आहेत, त्यांना अशा गोष्टी जेवताना कानावर पडतात. आपली पहिली पिढी आत्ता कुठे बाहेर पडते आहे. त्यामुळे ही माहिती आपण एकमेकांना द्यायला हवी. प्रत्येक देशाचे नियम वेगळे असतात. म्हणून या लेखात एकच देश घेतला आहे, ब्रिटन. मुद्रांक शुल्क आणि खरेदीची पद्धत इंग्लंडची आहे. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये कर वेगळे आहेत.

घराचा प्रश्न आपल्याला नवा नाही

१९१७ साली बाबासाहेब परदेशात शिकून बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी असल्याचं सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. जात कळल्यावर लोक काठ्या घेऊन आले आणि त्यांना तिथून निघावं लागलं. हा अनुभव त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात नोंदवला आहे. पुढे १९२१-२२ मध्ये लंडनला शिकताना ते १०, किंग हेन्रीज रोड या घरात राहिले. तेच घर २०१५ साली महाराष्ट्र सरकारने विकत घेतलं. त्यासाठी ब्रिटनमधल्या आंबेडकरी आणि बौद्ध संघटनांच्या महासंघाने पाठपुरावा केला होता.

ब्रिटनमध्ये आपल्याआधी गेलेले आंबेडकरी प्रामुख्याने पंजाबमधले. १९५० आणि ६० च्या दशकांत ते वुल्व्हरहॅम्प्टन, बर्मिंगहॅम, बेडफर्ड, साउथॉल अशा ठिकाणी कारखान्यांत, फाउंड्रीत, वीटभट्ट्यांवर कामाला लागले. काळ्या आणि आशियाई माणसांना भाड्याने खोली नाकारणं तेव्हा बेकायदा नव्हतं. १९६५ च्या वंशभेदविरोधी कायद्यात घरांचा समावेशच नव्हता, तो १९६८ च्या कायद्याने झाला. बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिकमध्ये तर मार्शल स्ट्रीटवरची रिकामी होणारी घरं कौन्सिलने विकत घेऊन फक्त गोऱ्या कुटुंबांना द्यावीत, अशी योजना पुढे आली होती. त्याविरुद्ध इंडियन वर्कर्स असोसिएशन लढत होती आणि फेब्रुवारी १९६५ मध्ये माल्कम एक्स स्वतः त्या रस्त्यावर येऊन गेले.

भाड्याने मिळत नाही, बँक कर्ज देत नाही, तेव्हा आशियाई कामगारांनी पैसे एकत्र करून जुनी घरं विकत घेतली. एका घरात दहा-पंधरा माणसं राहिली, पाळीपाळीने झोपली. पैसे साठले की पुढचं घर. आज तिथे जी विहारं आणि आंबेडकर सभागृहं दिसतात, त्यांच्यामागे या पिढीची वर्गणी आहे.

घर घेतल्याने व्हिसा मिळत नाही

सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे. ब्रिटनमध्ये घर विकत घेतलं म्हणून तिथे राहण्याचा हक्क मिळत नाही. उलट व्हिसा तात्पुरता असला तरी घर घेता येतं. दोन्ही गोष्टी वेगळ्या चालतात आणि धोका तिथेच आहे. कर्ज तीस वर्षांचं असतं, व्हिसा तीन किंवा पाच वर्षांचा.

साधारण वाट अशी असते. विद्यार्थी व्हिसा, मग शिक्षणानंतर काम शोधण्यासाठीचा ग्रॅज्युएट व्हिसा, मग कंपनीने प्रायोजित केलेला स्किल्ड वर्कर व्हिसा आणि शेवटी कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजे आयएलआर. स्किल्ड वर्करसाठी किमान पगाराची सर्वसाधारण अट २०२४ मध्ये ३८,७०० पौंड झाली आणि जुलै २०२५ मध्ये ४१,७०० पौंड. ठरावीक गटांना यात सूट आहे. आयएलआरसाठी पाच वर्षांची मुदत होती. २०२५ मध्ये तिथल्या सरकारने ती बहुतेकांसाठी दहा वर्षं करण्याचा प्रस्ताव मांडला. ‘पाच वर्षांत पक्कं होईल’ असं गृहीत धरून घराचा हिशेब मांडू नका.

नोकरी गेली तर साधारणपणे ६० दिवसांत दुसरा प्रायोजक शोधावा लागतो. व्हिसावर ‘सार्वजनिक निधीचा आधार नाही’ अशी अट असते. म्हणजे बेकारी भत्ता नाही, घरभाड्यासाठी मदत नाही, कौन्सिलचं घर नाही. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. त्यामुळे माझा पहिला सल्ला असा: घर बघायला जाण्याआधी सहा महिन्यांचा हप्ता आणि घरखर्च बाजूला ठेवा. एवढी रक्कम साठत नसेल तर भाड्याने राहण्यात कमीपणा नाही.

कुटुंबाला नेताना

जानेवारी २०२४ पासून पदव्युत्तर वर्गात शिकणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांना पती-पत्नी आणि मुलांना सोबत नेता येत नाही. पीएचडीसारख्या संशोधन पदव्यांना आणि सरकारी शिष्यवृत्तीवर जाणाऱ्यांना अपवाद आहे. तुमची शिष्यवृत्ती या अपवादात बसते का, हे विद्यापीठाकडून लेखी विचारून घ्या. केअर वर्कर म्हणून जाणाऱ्यांना मार्च २०२४ पासून कुटुंब नेता येत नाही आणि जुलै २०२५ पासून त्या कामासाठी परदेशातून नवी भरतीच बंद झाली आहे. तरीही आपल्या वस्त्यांमध्ये ‘केअर व्हिसा, फॅमिलीसकट’ म्हणत पंधरा-वीस लाख मागणारे एजंट फिरताना मी पाहिले आहेत. त्यांना पैसे देण्याआधी ब्रिटन सरकारच्या संकेतस्थळावर नियम स्वतः वाचा.

स्किल्ड वर्करला जोडीदार आणि अठरा वर्षांखालची मुलं साधारणपणे नेता येतात. त्यासाठी प्रत्येकाची व्हिसा फी आणि आरोग्य अधिभार भरावा लागतो. हा अधिभार प्रौढाला वर्षाला १,०३५ पौंड आणि मुलाला ७७६ पौंड आहे. चार जणांचं कुटुंब पाच वर्षांसाठी धरलं, तर नुसता अधिभार अठरा हजार पौंडांवर जातो आणि तो व्हिसाच्या अर्जासोबत आगाऊ भरायचा असतो. घराच्या डिपॉझिटसाठी साठवलेले पैसे अनेकांचे इथेच संपतात. मुलांना सरकारी शाळेत शिक्षण मोफत आहे, ही जमेची बाजू.

आई-बाबांचा प्रश्न सगळ्यात अवघड. वृद्ध पालकांना कायमचं नेण्याची वाट २०१२ पासून जवळजवळ बंद आहे. आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे त्यांना रोजची दीर्घकाळ काळजी लागते आणि ती भारतात पैसे देऊनही मिळू शकत नाही, हे सिद्ध करावं लागतं. भेटीच्या व्हिसावर ते एका वेळी सहा महिन्यांपर्यंत येऊ शकतात, पण तिथे राहू शकत नाहीत. म्हणून तिकडे तीन खोल्यांचं घर ‘आई-बाबांसाठी’ घेण्याआधी हा विचार करा: ते तिथे किती दिवस राहणार आहेत? इकडे त्यांचं औषधपाणी कोण बघणार? ज्यांनी कामगार म्हणून, सफाई कर्मचारी म्हणून राबून आपल्याला शिकवलं, त्यांच्या म्हातारपणाचं नियोजन घराच्या नियोजनाचाच भाग आहे.

कर्जाचा हिशेब

ब्रिटनमध्ये गृहकर्जाला मॉर्गेज म्हणतात. बँका साधारणपणे वार्षिक उत्पन्नाच्या साडेचार पटीपर्यंत कर्ज देतात. घराच्या किमतीच्या किमान पाच ते दहा टक्के रक्कम स्वतःची लागते. व्हिसा तात्पुरता असेल तर काही बँका जास्त डिपॉझिट मागतात, व्हिसाची किती मुदत उरली आहे ते बघतात.

तीन लाख पौंडांचं घर आणि दहा टक्के डिपॉझिट धरू. तीस हजार पौंड स्वतःचे, दोन लाख सत्तर हजार कर्ज. साडेचार पटीच्या हिशेबाने दोघांचं मिळून उत्पन्न साठ हजार पौंड हवं. पाच टक्के व्याज आणि तीस वर्षांची मुदत धरली तर हप्ता महिन्याला सुमारे १,४५० पौंड येतो. तिथे व्याजदर बहुधा दोन किंवा पाच वर्षांसाठीच पक्का असतो, नंतर बाजारभावाने बदलतो. त्यामुळे दोन टक्के व्याज वाढलं तर हप्ता झेपेल का, हे आधीच मांडून बघा. हप्त्याशिवाय कौन्सिल टॅक्स, विमा, दुरुस्ती हे सगळं वेगळं.

कर्ज मिळण्यासाठी तिथला आर्थिक इतिहास लागतो. भारतातला सिबिल स्कोअर तिथे कामाचा नाही. पहिल्या दिवसापासून बँक खातं, वीज-फोनची बिलं वेळेवर भरणं आणि मतदार यादीत नाव या तीन गोष्टी करा. हो, मतदार यादीत. भारत राष्ट्रकुलात असल्याने ब्रिटनमध्ये वैध व्हिसावर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला तिथल्या निवडणुकांत मतदानाचा हक्क आहे. नाव नोंदवल्याने पत्त्याची पडताळणी सोपी होते आणि पत सुधारते. मताचं मोल आपल्याला वेगळं सांगायला नको.

नाव कोणाच्या घरावर आहे?

आता सुरुवातीच्या तरुणाकडे येऊ. एप्रिल २०२५ पासून इंग्लंडमधला नियम असा आहे. आयुष्यात पहिल्यांदा घर घेणाऱ्याला, घर पाच लाख पौंडांपर्यंतचं असेल तर, पहिल्या तीन लाखांवर मुद्रांक शुल्क नाही. पण ‘पहिल्यांदा’ याचा अर्थ जगात कुठेही पहिल्यांदा. नागपुरात, पुण्यात किंवा गावात राहत्या घराची मालकी किंवा हिस्सा कधीही नावावर आला असेल, अगदी वारसाने आला असेल, तरी ही सवलत जाते. घर विकून टाकलं तरी ती परत मिळत नाही. दोघे मिळून घेत असाल तर दोघांनीही ही अट पूर्ण करावी लागते.

सवलत गेली की तीन लाखांच्या घरावर नेहमीच्या दराने पाच हजार पौंड लागतात. त्याशिवाय दुसरं घर अजून नावावर असेल आणि त्यातल्या तुमच्या हिश्श्याची किंमत ४० हजार पौंड किंवा जास्त असेल, तर संपूर्ण किमतीवर आणखी पाच टक्के, म्हणजे पंधरा हजार. एकूण वीस हजार. पती-पत्नीपैकी एकाच्या नावावर घर असलं तरी हा अधिभार दोघांना लागतो. शेतजमीन यात येत नाही, राहतं घर येतं. वारसाने नुकत्याच आलेल्या छोट्या हिश्श्याला अधिभारातून काही सूट आहे. तिची खात्री सॉलिसिटरकडून करून घ्या.

म्हणून परदेशात जाऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींच्या आई-बाबांना माझी विनंती आहे. घर मुलाच्या नावावर करण्याची घाई करू नका. ते तुमच्याच नावावर राहू द्या. त्यात तुमच्या म्हातारपणाचीही सुरक्षितता आहे.

इकडचे दोन नियमही लक्षात ठेवा. भारतात राहणारी व्यक्ती एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवू शकते. मुलाला घरासाठी वर्षात दहा लाख रुपयांपेक्षा जास्त पाठवले, तर वरच्या रकमेवर बँक २० टक्के कर आधी कापते. तो विवरणपत्र भरून समायोजित करता येतो, पण तोवर पैसे अडकतात. दुसरं, अनिवासी भारतीयाला भारतात नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. आधीची ठेवता येते, वारसाने आलेलीही ठेवता येते. वडिलोपार्जित तुकडा असेल तर सातबारावर वारस नोंद वेळेत करून घ्या. बहिणींची नावं वगळून नव्हे, त्यांच्यासकट.

खरेदीच्या पायऱ्या

घर पसंत पडल्यावर तुम्ही एजंटमार्फत किंमत कळवता. मालकाने होकार दिला तरी इंग्लंडमध्ये तो कायद्याने बांधील नसतो. जास्त पैसे देणारा आला तर तो तुम्हाला सोडू शकतो. मग तुमचा सॉलिसिटर कागदपत्रं तपासतो, बँक घराचं मूल्यांकन करते. बँकेचं मूल्यांकन बँकेसाठी असतं. ओल, छप्पर, पाया तपासण्यासाठी स्वतःचा सर्व्हे वेगळा करून घ्या. नंतर करारांची अदलाबदल होते आणि सहसा दहा टक्के रक्कम भरली जाते. इथून पुढे माघार घेतली तर ती रक्कम बुडू शकते. शेवटी ठरलेल्या दिवशी उरलेले पैसे जातात, किल्ली मिळते आणि लँड रजिस्ट्रीत नोंद होते.

फ्लॅट घेत असाल तर तो बहुधा लीजहोल्ड असतो. म्हणजे जमीन तुमची नसते, ठरावीक वर्षांचा हक्क विकत घेतलेला असतो. लीजची किती वर्षं उरली ते पहिल्यांदा विचारा. ८० वर्षांच्या खाली गेलेली लीज वाढवणं महाग पडतं आणि बँकाही कर्जाला कुरकुर करतात. जून २०२२ नंतरच्या बहुतेक नव्या लीजवर जमीनभाडं नसतं, पण देखभाल खर्च असतो आणि तो दरवर्षी वाढू शकतो. मागच्या तीन वर्षांचे आकडे मागून घ्या.

भाड्याने राहताना डिपॉझिट साधारणपणे पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही आणि एजंटला कमिशन द्यावं लागत नाही. आपल्याच देशातला घरमालक रोख पैसे मागतो, पावती देत नाही, हे मुलं सांगतात. पावतीशिवाय पैसे देऊ नका.

जात विमानातून उतरत नाही का?

उतरते. आडनाव विचारणं, ‘प्युअर व्हेज’ रूममेटची अट, गावाची चौकशी हे सगळं तिथल्या भारतीय वस्तीतही भेटतं. ब्रिटनच्या २०१० च्या समता कायद्यात जातीचा समावेश करण्याची तरतूद होती आणि २०१३ मध्ये संसदेने ते सरकारवर बंधनकारक केलं. पण २०१८ मध्ये सरकारने माघार घेतली आणि न्यायालयीन निकाल पुरेसे आहेत असं सांगितलं. त्यांचा आधार होता २०१४ चा टिर्की विरुद्ध चंडोक हा निकाल. जातिभेदाच्या काही तक्रारी ‘वांशिक मूळ’ या व्याख्येत बसू शकतात, असं त्यात म्हटलं आहे. म्हणजे दार बंद नाही, पण स्पष्ट कायदाही नाही. भेदभाव झाला तर मेसेज, ईमेल, तारखा जपून ठेवा आणि तिथल्या आंबेडकरी संघटनांशी बोला.

आपल्या जागेसाठी एक धडा

लंडनच्या बाबासाहेबांच्या घराची पुढची गोष्ट कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावी. नोव्हेंबर २०१५ मध्ये तिथे स्मारकाचं उद्घाटन झालं. पण ते राहत्या वस्तीतलं घर होतं आणि त्याचा वापर बदलून संग्रहालय करायला कॅमडेन कौन्सिलची परवानगी लागते. काही शेजाऱ्यांनी हरकत घेतली, कौन्सिलने परवानगी नाकारली, प्रकरण चौकशीपर्यंत गेलं आणि मार्च २०२० मध्ये परवानगी मिळाली. सरकारच्या बाबतीत हे घडतं, तर वर्गणी काढून विहारासाठी घर घेणाऱ्या पाच-पन्नास कुटुंबांचं काय? म्हणून विहार, अभ्यासिका किंवा वसतिगृहासाठी जागा घेताना वापराची परवानगी आधी तपासा, पैसे नंतर द्या.

घर कुठेही असो, हिशेब दोन्हीकडचा

‘परदेशात स्थायिक होणं म्हणजे समाजाला सोडून जाणं’ असं काही कार्यकर्ते म्हणतात. मला ते पटत नाही. सुरक्षित घर, मुलांचं शिक्षण, शेजाऱ्याने आडनाव न विचारता केलेला नमस्कार, या गोष्टींची इच्छा धरणं हा आपलाही हक्क आहे. पण ज्यांच्या शिष्यवृत्तीसाठी आंदोलनं झाली, त्यांच्याकडून अपेक्षा ठेवणंही चुकीचं नाही. अपेक्षा पैशांचीच नाही. वर्षातून दोन ऑनलाइन सत्रं घ्या, नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यात खोली शोधून द्या, स्वतःच्या चुका मोकळेपणाने सांगा. शिष्यवृत्तीच्या करारातल्या अटी वाचा आणि पाळा, म्हणजे मागून येणाऱ्यांची वाट अडणार नाही.

त्या तरुणाने घर अजून घेतलेलं नाही. डिपॉझिट साठेपर्यंत तो भाड्यानेच राहतो आहे. नागपूरचा फ्लॅट तसाच आहे, त्यात आई-बाबा राहतात आणि तो विकायचा नाही, असं त्याने ठरवलं आहे. वीस हजार पौंडांचा भार तो सोसेल. आपल्या अभ्यासिकेतल्या पुढच्या मुलीला तो सोसावा लागू नये, म्हणून हा लेख तुमच्या गटात वाचून दाखवा. नियम बदलत असतात. पैसे गुंतवण्याआधी त्या दिवशीचा नियम तपासा आणि नोंदणीकृत सॉलिसिटरचा सल्ला घ्या.

जय भीम! नमो बुद्धाय!